पेजेला टीबी

बमरोलीच्या यंत्रमाग-वस्तीतल्या खोलीत शोभाबाईंनी नवऱ्याचं ताट-तांब्या वेगळं केलं, तेव्हा भिकनला हसावं की रडावं कळेना. रिपोर्टात टीबी निघाला होता. पण तपासायला दिलेल्या डबीत भिकनची थुंकी नव्हतीच! खोकला कोरडा. खाकरून खाकरून घसा सोलला तरी बेडका येईना, आणि बायको दारात यमासारखी उभी. शेवटी त्यानं स्टोव्हवरची भाताची पेज चमचाभर डबीत ओतली आणि सुटका करून घेतली.

आता खरं सांगावं, तर बायको फाडून खाणार. शिवाय लूमवरून सुट्टी आणि रोज दोन अंडी, असं सुख जन्मात मिळालं नव्हतं. भिकन अंडी खात राहिला. गोळ्या तेवढ्या मोरीत सोडायचा.

पण बातमी नंदुरबारला, लेकीच्या सासरी पोचली. एकुलत्या लेकीचं, जयश्रीचं, पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं होतं. सासूनं निरोप धाडला, "टीबीच्या घरात सून पाठवणार नाही." शोभाबाई पदरात तोंड घालून रडू लागल्या. भिकननं हातातलं अंडं खाली ठेवलं.

"ती मन्ही थुकी नव्हती वं," तो पुटपुटला. "भातनी पेज व्हती."

शोभाबाईंचं रडं जागच्या जागी थांबलं. "मंग पेजले टीबी कसा व्हयना?"

त्यांनी त्याला तसंच ओढत डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर आधी पोट धरून हसले, मग गंभीर झाले. भिकनची डबी गेली त्या दिवशी लॅबमध्ये पाठवलेले त्यांचे सगळेच पेशंट टीबीचे निघाले होते. त्यांनी उकळून गार केलेलं पाणी स्वतःच्या नावानं त्याच लॅबमध्ये धाडलं. डॉक्टरांनाही टीबी निघाला!

मग लॅबवाले जागे झाले. थुंकी लावायच्या काचा ज्या टाकीच्या पाण्यानं धुवायचे, तिच्यातच टीबीसारखे दिसणारे जंतू होते, आणि तेच प्रत्येकाच्या काचेवर जाऊन बसत होते.

दुसऱ्या लॅबसाठी भिकनला खरोखर खाकरावं लागलं. शेजारचा सुकदेव पाठ चोळत ओरडत होता, "जोर लाव, भिकनदादा!" त्यालाही त्याच दिवशी टीबी लागला होता ना! दोघंही ठणठणीत निघाले. शोभाबाईंनी त्या दिवशी नवऱ्याच्या ताटातलाच घास उचलून खाल्ला, तेव्हा त्यांचा जीव भांड्यात पडला.

नवा रिपोर्ट नंदुरबारला कळवला, आणि आठवड्यानं जयश्री बाळंतपणाला आली. उंबऱ्यावरूनच तिनं विचारलं, "आबा, तब्येत कशी शे?"

"त्यास्ले काहीच व्हयेल नही," तिच्यावरून भाकरतुकडा ओवाळत शोभाबाई म्हणाल्या. "खोटं बोलानी खोड तेवढी शे. तिन्हावर औषध नही."

भिकननं मान खाली घालून लेकीची पिशवी आत नेली. बायकोची बोलणी इतकी गोड त्याला कधीच लागली नव्हती.