खैरपाडा तलावाची संवेदनशील पाहणी

निसर्गाचे रक्षण करायचे असेल तर आधी निसर्गापर्यंत गाडी पोहोचली पाहिजे, हे तत्त्व आता सर्व थरांत मान्य झाले आहे. भिमाजींना ते ठाऊक नव्हते, कारण ते खैरपाडा तलावावर पायी जात.

दिंडोरी तालुक्यातल्या या तलावाच्या काठी ख्रिस्ती मंडळीचा जमिनीचा एक तुकडा होता. नवसाबाई नावाच्या म्हातारीने तो मरताना मंडळीला दिलेला. दर रविवारी तिथे चिंचेखाली उपासना होई. (पावसाळ्यात पाळकांचा उपदेश आटोपशीर होई, त्याबद्दल कोणाची तक्रार नव्हती.) मंडळीचा व्यवहार पाहणाऱ्या भिमाजींनी १९९९ साली चर्चसाठी अर्ज केला: चार भिंती, वर पत्रा, एक घंटा. घाईही होती. त्यांच्या पल्लवीचे निफाडच्या दीपकशी जमले होते आणि लग्न आमच्याच चर्चमध्ये, छपराखाली लावू, असा शब्द भिमाजी व्याह्यांना देऊन बसले होते.

पण तलावावर हिवाळ्यात परदेशी बदके येत. सबब काठ संवेदनशील. सबब समिती. अध्यक्ष रंगनाथराव हे निवृत्त अधिकारी, आणि इतके वृक्षप्रेमी, की बंगल्याला 'वनश्री' नाव देऊन मगच त्यांनी अंगणभर फरशी घातली होती.

पहिल्याच पाहणीत समितीची जीप काठच्या चिखलात रुतली. जमीन संवेदनशील असल्याचा हा पहिला शास्त्रीय पुरावा. पुढच्या पाहण्यांत खंड पडू नये म्हणून मुरुमाचा रस्ता झाला. दुसऱ्या खेपेला ऊन लागले, तेव्हा शेड झाली. एका सदस्यांना साखरेचा त्रास होता, म्हणून स्वच्छतागृह झाले (त्याचे पाणी कुठे जाते, हा विषय समितीच्या कक्षेबाहेरचा होता). एवढे होईतो बदके पलीकडच्या काठाला सरकली आणि दिसेनात, म्हणून मनोरा झाला.

मग गाण्याची चाचणी. मंडळीने पाण्याकडे तोंड करून भजन म्हटले. बदके जागची हलली नाहीत. दोन तर चौकशीला अलीकडे आली. समितीने खूश होऊन टाळ्या वाजवल्या आणि सगळा थवा उडाला. अहवालात नोंद झाली, 'भजनानंतर पक्षी उडाले.' यात खोटा शब्द एकही नाही.

पुढे आवाज मोजायचे यंत्र आले. त्याला वीज हवी म्हणून जनरेटर आला. यंत्राने जनरेटरचा आवाज बिनचूक मोजला आणि तो चर्चच्या नावावर पडला. चर्चचा अर्ज नसता तर जनरेटर आला असता का? नसता. यात चूक काढायचा भिमाजींनी एक अख्खा आठवडा प्रयत्न केला.

चौथ्या वर्षी ते हात जोडून उभे राहिले. "साहेब, चर्च नको आम्हाला. अर्ज माघारी घेतो. गावात बघू कुठं जागा. पोरीचं लगीन लय खोळंबलंय."

रंगनाथराव मनापासून दुखावले. "असं कसं, भिमाजी? अर्जच राहिला नाही तर आम्ही पाहणी कशाची करायची?"

"नका करू."

"आणि तलावाचं रक्षण?"

"तुम्ही यायच्या आधी बदकं होती की, साहेब."

"होती ना," रंगनाथराव समजुतीने म्हणाले, "पण त्यांचा अभ्यास झालेला नव्हता."

अर्ज मागे घेतल्यास पर्यावरणावर काय परिणाम होईल, हे तपासायला उपसमिती बसली. ती बसावी कुठे, म्हणून हॉल बांधला.

तिकडे दीपकचे कपाळ वर वर सरकू लागले. पल्लवी एकदा हळूच म्हणाली, "नाना, आम्ही कोर्टात करून टाकू का?" मागच्या दारी जाऊन भिमाजी पोटभर रडले आणि तोंड धुऊन पुढच्या बैठकीच्या चहाचे बघायला गेले.

२००६ साली अंतिम अहवाल आला. चर्चला परवानगी नाही. कारण काठावर आधीच इतके बांधकाम झाले आहे, की आणखी चार भिंती तलावाला सोसणार नाहीत. हे वाक्य रंगनाथरावांनी उभे राहून वाचले. समिती विसर्जित झाली. हॉल, शेड, मनोरा वाया जाऊ नयेत म्हणून ते एका मिसळवाल्याला चालवायला दिले.

भिमाजींनी शेवटी लग्नासाठी त्याच हॉलचा एक कोपरा मागून घेतला. वार रविवार, मिसळीला गर्दी, पण छप्पर तर होते. पाळकांनी आशीर्वाद दिला, मंडळीने गीत उचलले, आणि सात वर्षे तुंबलेला भिमाजींचा आवाज सगळ्यांच्या वर चढला. पल्लवी रडता रडता हसू लागली. इतका आनंद त्या काठाने कधी पाहिला नव्हता.

तेवढ्यात शेजारच्या टेबलावरून कोणीतरी म्हणाले, "अहो, जरा हळू गा ना! आम्ही शहरातून इथे शांततेसाठी येतो."

भिमाजींनी लगेच आवाज उतरवला, माफीही मागितली. खैरपाड्यात कोणी ते मनाला लावून घेतले नाही, तेव्हा तुम्हीही आता ओशाळू नका. रस्सा गार होत होता, मुलांना दाखवायला एक बदक दिसत नव्हते आणि गाडी तुम्हाला पार पाण्यापाशी लावावी लागली होती. माणूस अशा वेळी बोलून जातो.