झ्लातिना सिगारेट सोडते

नव्या वर्षाच्या पहिल्या दुपारी, बानित्सा भट्टीतून बाहेर येण्याआधीच, झ्लातिनाने जेवणाच्या टेबलाशी उभे राहून जाहीर केले, "या वर्षी चिठ्ठीत जे निघेल ते वर्षभरात पुरं करायचं. अदलाबदल नाही, सबबी नाहीत."

दर वर्षी बानित्साच्या चीज भरलेल्या खरपूस पापुद्र्यांतून 'आरोग्य', 'प्रेम', 'प्रवास' अशा नशिबाच्या चिठ्ठ्या निघत आणि संध्याकाळपर्यंत उष्ट्याबरोबर कचऱ्यात जात. झ्लातिनाला हे सोसवेनासे झाले होते. लोव्हेच शहरातल्या तिच्या पाणीपुरवठा कचेरीत नुकतेच ध्येयनिश्चितीचे प्रशिक्षण झाले होते, आणि तिथून परतल्यापासून जगातली प्रत्येक मोघम गोष्ट तिच्या डोळ्यांत खुपू लागली होती. आरोग्य म्हणजे काय? कुणाचे? कधीपर्यंत? तेव्हा यंदाच्या चिठ्ठ्या तिने स्वतः लिहिल्या आणि कुणाच्या तुकड्याखाली कोणती, हेही मनाशी पक्के करून ठेवले. नवरा गेनादी याच्यासाठी 'सिगारेट सोडीन'. सासू नेदका हिचा सगळा दिवस खिडकीत बसून गल्लीचा निवाडा करण्यात जाई. तिच्यासाठी 'रोज किल्ल्याची टेकडी चढेन'. आणि स्वतःसाठी 'गाडी चालवायला शिकेन'.

शेवटची चिठ्ठी लिहिताना मात्र तिचा हात मंदावला होता. तिने हाती घेतलेले काम अर्धवट राहिलेले कचेरीत कुणी पाहिले नव्हते, घरातही नाही. स्टिअरिंगचे चाक मात्र ती वर्षानुवर्षे शेजारच्या आसनावरून नुसते पाहत आली होती. जे बोलून दाखवलेच नाही, ते अर्धवट राहिले तरी कुणाच्या नजरेस पडत नाही. यंदा तिला ते सगळ्यांसमोर बोलायचे होते.

ज्याच्या समोर जो तुकडा येई तो त्याचा, म्हणून तिने तबक नेमके हवे तसे टेबलावर ठेवले. तोच नेदकाने हात पुढे केला आणि ते गरकन फिरवले.

"आई, थांबा!"

"का थांबू? न फिरवलेली बानित्सा म्हणजे नुसतं जेवण गं. नशिबाला जरा वारा लागू दे."

तबक थांबले. नेदकाच्या चिठ्ठीत निघाले, 'गाडी चालवायला शिकेन'. सत्तरी गाठलेल्या त्या बाईने चष्मा पुसला, पुन्हा वाचले आणि तिकडच्या रीतीप्रमाणे होकाराची मान डावीउजवीकडे हलवली. "बरं झालं. सहकारी शेतावर ट्रॅक्टर हाकलाय मी. तेव्हा नांगर ओढायचा असे, आता तुम्हा दोघांना ओढीन."

गेनादीच्या वाट्याला टेकडी आली. त्याचा चेहरा उतरला. झ्लातिनाने आपला कागद उलगडला आणि तो तिच्या हातात मेलेल्या फुलपाखरासारखा पडून राहिला.

"सिगारेट सोडीन," गेनादीने तिच्या खांद्यावरून वाचले. "अगं, पण तू ओढतेस कुठे?"

"मग झालंच की!" झ्लातिना सावरून म्हणाली. "माझं ध्येय आत्ताच पुरं झालं."

"असं? मग मीही उद्यापासून बँका लुटायचं सोडतो."

"सुनबाई," नेदका गंभीरपणे म्हणाली, "घराच्या नशिबाशी असली चलाखी करू नये. जे धरलंच नाही ते सोडणार कसं?"

झ्लातिनाला अदलाबदल सुचवता आली असती. पण तासाभरापूर्वीचे तिचे स्वतःचेच वाक्य अजून टेबलावर वाफाळत होते. ती उठली, गेनादीच्या पाकिटातून एक सिगारेट काढली, गच्चीत गेली, डोळ्यांत पाणी येईस्तोवर खोकली आणि परत येऊन म्हणाली, "ओढली. सोडली."

"एका सिगारेटीला सवय म्हणत नाहीत," गेनादी म्हणाला. त्याला फार दिवसांनी आनंद झाला होता. "तुमच्या त्या प्रशिक्षणात काय सांगितलं? ध्येय मोजता आलं पाहिजे."

आव्हान रास्त होते, आणि रास्त आव्हान नाकारणे झ्लातिनाच्या रक्तात नव्हते. तिने आराखडा आखला: ईस्टरच्या उपासापर्यंत सवय नीट लावून घ्यायची आणि उपास सुरू होताच सोडायची. कचेरीत तिने तो न कचरता सांगितलाही.

"तू कधीपासून ओढायला लागलीस?" शेजारच्या टेबलावरच्या रुझाने विचारले.

"सोडायचं ठरवल्यापासून."

अडचण एवढीच झाली की सवय नीट लागली. गच्चीतल्या त्या पाच मिनिटांत तिला कुणी काही विचारत नसे. खाली नदी पत्र्यासारखी निश्चल पडलेली असे, आणि धूर एखाद्या न बोललेल्या वाक्यासारखा रेंगाळून विरून जाई. तिच्या आयुष्यात एवढी मोकळी जागा पूर्वी कुठे होती? उपास आला. तिने मांस सोडले, दूध सोडले, अंडी सोडली.

"आणि?" नेदकाने विचारले.

"सगळं एकदम सोडू नये, आई. शरीराला धक्का बसतो."

इकडे बाकीचे दोघे बेशरमपणे यशस्वी होत होते. गेनादी पहिल्या आठवड्यात टेकडीच्या पायथ्याशी धापा टाकत बसला. मग चढताना फुप्फुसे आणि सिगारेट यांपैकी एकच काय ते बरोबर नेता येईल, हे त्याला उमगले. वसंतात तो किल्ल्याच्या तटावरून घरी हात हलवू लागला. त्याची उरलेली पाकिटे कपाटात पडून होती. ती झ्लातिनाने संपवली. नेदका पहिल्या खेपेला नापास झाली.

"परीक्षकच भित्रा निघाला," ती म्हणाली. "वळणावर त्याने डोळे मिटले. मी मिटले होते का?"

दुसऱ्या खेपेला परवाना हाती पडला. त्या दिवसापासून ती घरातल्या जुन्या लाडा गाडीची मालकीण झाली, आणि तिचा पहिला कायदा असा निघाला, "माझ्या गाडीत धूर चालायचा नाही."

ऑगस्टातल्या एका रविवारी तिघे टरबुजे आणायला निघाले. झ्लातिना मागच्या बाजूला बसून न पेटवलेली सिगारेट बोटांत फिरवत होती. गावाबाहेर, फवारणीची विमाने जिथून पूर्वी उडत त्या ओसाड धावपट्टीपाशी, तिच्याने राहवेना. "थांबवा ना, आई. पाचच मिनिटं."

नेदकाने गाडी थेट पट्टीवर घेतली आणि थांबवली. सिमेंटच्या भेगांतून वाळके गवत उभे होते. बाकी चहूकडे फक्त उजेड.

"काय झालंय तुला? आख्ख्या घरात तूच एक शब्दाची पक्की होतीस," नेदका म्हणाली.

"ती चिठ्ठी माझी होती," झ्लातिना म्हणाली. "गाडीची. मी माझ्यासाठी लिहिली होती."

"मग एवढ्या वर्षांत शिकली का नाहीस?"

"शिकवणार कोण? हा?"

"मी काय केलं?" गेनादी म्हणाला.

"तू शेजारी बसून ओरडतोस," दोघी एकदम म्हणाल्या.

नेदका खाली उतरली. गाडीला वळसा घालून तिने मुलाला पुढच्या आसनावरून उठवले, मागे धाडले आणि त्याच्या जागी स्वतः बसली. "ये इकडे, चाकामागे. इथे धडकायला काहीच नाही. आणि गेनादी, तोंडातून अवाक्षर काढशील तर इथून चालत घरी जाशील. आता तुला सवयही आहे."

झ्लातिना चाकामागे बसली. "आणि ही?" तिने सिगारेट वर धरली.

"एक हात चाकावर, दुसराही चाकावर. उरेल त्या हाताने ओढ."

सिगारेट खिडकीबाहेर गेली. गाडीने आचका दिला, बंद पडली, पुन्हा सुरू झाली, उडी मारली, पुन्हा बंद पडली. मग एकाएकी, जणू इतकी वर्षे तिचीच वाट पाहत असावी तशी, ती सुरळीत धावू लागली. पट्टी चाकांखालून सरकत होती. झ्लातिनाच्या खांद्यांवरचा ताण उतरला आणि पायाखालचा वेग चढला. समोरचे सूर्यफुलांचे शेत वाढत्या लगबगीने जवळ येऊ लागले.

"वळ आता," नेदका शांतपणे म्हणाली.

झ्लातिना वळली. दोन चाकांना ते जरा उशिरा समजले. धूळ उडाली, गाडी गर्रकन फिरली आणि तोंड घराकडे करून पुन्हा धावू लागली.

मागून एक क्षीण, कापरा आवाज आला. "झ्लातिना... एक सिगारेट असेल का गं तुझ्याकडे?"

तिने समोरची नजर हलवली नाही.

"नाही," ती म्हणाली, "मी सोडली."