खिळा मफी

मेश्रामभाऊ कुणाच्याही घरी गेले की चहाआधी भिंत ठोठावत. इथं आखातात, माहूजमधल्या आमच्या फ्लॅटची भिंत त्यांनी पहिल्याच दिवशी वाजवली, कान लावला आणि म्हणाले, "पोकळ आहे सर. पुठ्ठ्यात राहून राहिले तुम्ही."

ते आमच्या वरच्या मजल्यावर एकटे राहत. दिवसभर अस्करला अ‍ॅल्युमिनियमच्या कारखान्यात, संध्याकाळी लाकडात. नागपूरचा हा माणूस हॉलमध्ये इंग्लंडमधलं एक घर बांधत होता. खेड्यातल्या पाद्रीबाबांसाठी काही शतकांपूर्वी बांधलेलं. ओकचे खांब, वाकड्या तुळया, मधे मातीचा गिलावा. सगळं एकास वीस प्रमाणात.

"यात लोखंड किती, सांगा?" आपण तोंड उघडायच्या आत इथल्या अरबीची फोडणी दिलेलं उत्तर येई, "खिळा मफी! एकही नाही. खाचेत खाच, वरून लाकडाची खुंटी. खलास."

प्रत्येक सांध्यावर त्यांनी पेन्सिलनं मराठी आकडे घातले होते. तिथले जुने सुतारही सांध्यांवर आकडे कोरत. घर आधी आवारात जुळवायचं, सोडवायचं आणि जागेवर नेऊन पुन्हा उभं करायचं.

हे घर भाऊंनी पाहिलेलं नव्हतं. त्यांची मुलगी सोनल तिथं वरच्या खोलीत भाड्यानं राहायची. दर शुक्रवारी तिचा फोन आला की बाप वही घेऊन बसे.

"खांबाची जाडी सांग बरं, बाई."

"बाबा, नॉट अगेन!"

"काहून? अर्ध्या सुतानं घर तिरपं होते." मग फोन ठेवताना हळूच, "लीव्हचं काय झालं?"

"नेक्स्ट मंथ, बाबा."

"इंशाल्ला," म्हणून ते पॉलिशपेपर उचलत. असे बरेच नेक्स्ट मंथ गेले.

एकदा मी त्यांच्या पुढच्या दाराला पट्टी लावली. "भाऊ, चुकलंय. सोनलच्या फोटोतलं दार बुटकं आहे. तुमचं बोटभर उंच झालं."

अर्ध्या सुतासाठी अख्खी भिंत उसवणाऱ्या माणसानं माझ्या हातातली पट्टी काढून घेतली. "तेवढं राहू द्या सर," म्हणाले, आणि चहा टाकायला आत गेले.

गेल्या थंडीत भाऊ गेले. कामावरच, छातीत कळ येऊन. सोनल आली ती तेव्हा.

आम्ही दोघांनी ते घर सोडवायला घेतलं. ती अडखळत मराठी आकडे वाचायची, मी कागदात गुंडाळायचो. दाराशी आल्यावर तिनं बोटानं उंची मापली.

"अंकल, धिस इज राँग. खरं दार खूप लो आहे. आय हिट माय हेड एव्हरी डे. मी बाबांना सांगितलं पण होतं..."

दार तिनं मला गुंडाळू दिलं नाही.

बाकीचं घर दोन बॅगांत मावलं. दाराची चौकट तिनं विमानतळापर्यंत हातातच धरली होती.