आगाशेकाकांचं अव्वल नाणं

बागबाजारच्या मासळीबाजारात इलिश माशाच्या डोळ्याला भिंग लावून बघणारा शाकाहारी माणूस मी एकच पाहिला आहे. आमच्या खालच्या मजल्यावरचे आगाशेकाका. मासा घ्यायचा असतो शेजारच्या घोषमावशींना, पण वाकून तपासतात काका, आणि निकाल देतात, "बरा." मासेवाला आधी चिडायचा. आता दहावीचा निकाल लागत असावा तसा गप्प उभा राहतो.

काका बँकेत होते. पुण्याहून बदली होऊन इथे आले, काकूंना कोलकाता आवडलं, म्हणून निवृत्तीनंतरही इथेच राहिले. काकूंना जाऊन आता बरीच वर्षं झाली. मूलबाळ नाही. आहेत ती नाणी. सोनाराचं भिंग कायम गळ्यात, आणि त्याखालून जाईल त्या वस्तूला दर्जा मिळतो : टाकाऊ, बरं, चांगलं. त्याच्या वर 'अव्वल' असतं म्हणे, पण ते काकांच्या तोंडून कुणी ऐकलेलं नाही. गेल्या होळीला माझ्या पुरणपोळीला 'बरी' मिळालं, तेव्हा मी बराकपूरला आईला फोन करून कळवलं होतं.

सियालदहजवळच्या एका हॉलमध्ये दर रविवारी नाणेसंग्राहकांचं मंडळ भरतं. तिथे नाण्यांचा दर्जा ठरवायची खुर्ची काकांची. घरून नेलेल्या उशीसकट. लोक मोठ्या हौसेने आजोबांच्या वेळचा रुपया लख्ख करून आणायचे आणि काका तो बोटाच्या टोकाने परत सरकवायचे. "झिजलेलं चालेल, घासलेलं नाही. चोलबे ना." घासलं की नाण्यावर बारीक ओरखडे पडतात, आणि मग संग्राहकांच्या लेखी ते नाणं मेलं.

यंदा मंडळाने मशीन आणलं. नाणं कॅमेऱ्याखाली ठेवायचं, कॉम्प्युटर दर्जा सांगतो. चिटणीस शोमेनबाबू हात जोडून म्हणाले, "आगाशेदा, राग मानू नका. मशीन थकत नाही, कुणाची भीड धरत नाही."

"भीड मी कधी धरली?"

काकांनी तिथल्या तिथे पैज लावली. पुढच्या रविवारी मी एक नाणं आणतो. मशीन फसलं तर ते परत पाठवायचं. नाही फसलं तर खुर्ची सोडतो.

तो आठवडाभर काकांच्या चालण्यात निराळाच जोर होता. "वैजू, कॉम्प्युटरला हिशेब येतो, नजर येत नाही," असं मला जिन्यात तीनदा ऐकवून झालं. रविवारी साक्षीदार म्हणून मलाही बरोबर नेलं.

हॉलमध्ये त्यांनी खिशातून चांदीचा राणीछाप रुपया काढला. बरीच वर्षं हात न लागलेल्या चांदीवर चढते तशी छान जुनी, करडी झाक त्यावर होती. मंडळातल्या जुन्या खोडांनी तो एकमेकांना दाखवला, वा वा केलं. शोमेनबाबूंच्या हातून तर सुटेना. आगाशेदांच्या खिशातून घासलेलं नाणं निघेल, हे कुणाच्या मनातही येणं शक्य नव्हतं. माणसं फसली. काका मिशीत हसले.

मग रुपया मशीनखाली गेला. माझा चहा संपायच्या आत पडद्यावर निकाल आला : घासलेलं. दर्जा देता येत नाही.

शोमेनबाबू घाईघाईने म्हणाले, "मशीनचं चुकलं असेल, दादा. पुन्हा ठेवू या."

"चुकलेलं नाही," काका म्हणाले. त्यांनी खुर्चीवरची उशी काखेत मारली, रुपया खिशात टाकला आणि निघाले.

बसमध्ये मला राहवेना. "काका, ते घासलेलं आहे हे तुम्हाला ठाऊक होतं?"

"ठाऊक कसं नसेल? आमची इथली पहिली दिवाळी. लक्ष्मीपूजनाला चांदीचा रुपया हवा, म्हणून हिने माझ्या कपाटातून काढला. काळा दिसला, म्हणून दंतमंजनाने घासला. संग्रहातलं माझं सगळ्यात चांगलं नाणं, वैजू. तळहातावर ठेवून माझ्यासमोर धरलं आणि विचारलं, 'कसा झालाय?'"

"ओरडलात?"

"अव्वल म्हटलं." काका खिडकीबाहेर बघत होते. "मग काय, दर दिवाळीला घासायची. दर दिवाळीला विचारायची. आणि मी दर दिवाळीला अव्वल म्हणायचो."

उशी मांडीवर घेऊन काका बागबाजारपर्यंत ताठ बसून होते.

त्यांच्या खुर्चीवर आता मशीन ठेवलंय. काका तिकडे फिरकत नाहीत.

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी मी फराळाचं ताट घेऊन खाली गेले. रस्त्यावर कालीपूजेचे फटाके वाजत होते. काका पाटासमोर मांडी घालून रुपया घासत होते. बोटं दंतमंजनाने पांढरी झालेली, आणि भिंग खुंटीला टांगलेलं.

"अहो काका, वाट लागेल नाण्याची!"

"लागलेलीच आहे." त्यांनी अंगठ्याने आणखी जोर लावला. मग रुपया धुतला, धोतराच्या जुन्या तुकड्याने पुसला, तळहातावर ठेवून माझ्यासमोर धरला.

"कसा झालाय?"

"अव्वल," मी म्हटलं.

काकांनी रुपया लक्ष्मीपुढे ठेवला आणि बराच वेळ हात जोडून बसले. मग डोळे पुसले, ताटातली चकली उचलून एक तुकडा मोडला.

"ही मात्र बरी आहे," ते म्हणाले.