ब्रोचमधला डोळा

बार्थोलोम्यू पिंचबेकसाहेबांनी आरशासमोर गळपट्ट्याची शेवटची गाठ मारली आणि जाहीर केलं, "हेप्झिबाताई, या आठवड्यात थिओडोसिया कॅलो मला होकार देणार! लिहून ठेव!"

"ठेवते की," टोस्टला लोणी लावत ताई म्हणाली. "मागच्या उन्हाळ्यातही ठेवलं होतं."

पिंचबेकांनी तिकडे काणाडोळा केला. अख्ख्या बाथ शहरात त्यांच्याइतका कडक गळपट्टा कुणाचा नव्हता. मान वळवायची तर सगळा माणूस वळवावा लागे! अशा पुरुषाला कुठली विधवा नाही म्हणेल?

कॅलोबाई पंप रूममध्ये, म्हणजे गावच्या औषधी पाण्याच्या दिवाणखान्यात, झऱ्याचं कोमट, गंजक्या खिळ्यांच्या चवीचं पाणी पीत उभ्या होत्या. पिंचबेक अदबीनं वाकले आणि वाकलेलेच राहिले! बाईंच्या छातीवरच्या ब्रोचमध्ये, मोत्यांच्या कोंदणात, एक डोळा होता. रंगवलेला, चिमुकला, पण चक्क पुरुषाचा! आणि तो त्यांच्याकडेच बघत होता.

"हा... हा कोणाचा?"

बाई लाजल्या. "ओळखा पाहू!"

पिंचबेक घरी आले ते धुमसतच. "नुसता डोळा? अख्खा चेहरा काढायला काय धाड भरली होती?"

"अरे, चेहरा काढला तर बाईचं मन कुणावर आहे ते गावभर होईल ना! म्हणून तर हल्ली सगळ्याजणी एकच डोळा काढून घेतात. ज्याचा त्यालाच कळावा."

"म्हणजे त्याला कळलंय! लेकाचा कुठंतरी बसून गालातल्या गालात हसत असणार!"

झालं! दुसऱ्या दिवसापासून पिंचबेक दांडीचं भिंग घेऊन गावातल्या पुरुषांच्या डोळ्यांत डोकावू लागले. नव्या पाद्र्याला त्यांनी चर्चच्या दारातच गाठलं. त्या बिचाऱ्याला वाटलं, पापी माणसाला पश्चात्ताप झालाय! त्यानं त्यांना गुडघ्यांवर बसवून भर रस्त्यात प्रार्थना म्हणायला लावली. कर्नल ट्रेंचर्डचा डावा डोळा वॉटर्लूच्या लढाईपासून काचेचा होता, हे आजवर कर्नलच्या बायकोशिवाय कुणाला माहीत नव्हतं. "सापडलं! काच!" असं पिंचबेक भर बागेत ओरडले, तेव्हा कर्नलनं द्वंद्वासाठी पिस्तुलं मागवली. ताईला मुरंब्याची बरणी घेऊन माफी मागायला धावावं लागलं.

पण पिंचबेकांचा खरा डूख होता तो डॉक्टर स्लोकमवर. हा गृहस्थ लंडनहून आला होता आणि डोक्यावरचे उंचवटे चाचपून माणसाचा स्वभाव सांगत होता. कॅलोबाईंचं डोकं तर तो कणीक तिंबावी तसं तिंबत बसे!

"एवढं काय शोधतोय तो त्या डोक्यात?" पिंचबेक दात खात विचारत.

"अक्कल असेल," ताई म्हणे. "पण ती तुला घरी बोलावते, म्हणजे शंकाच आहे."

शनिवारी कॅलोबाईंकडे चहा होता. सगळे जमल्यावर डॉक्टरांनी घसा खाकरला. "डोळा कवटीच्या खोबणीत बसतो. तेव्हा डोळ्यावरून कवटी सांगता येते आणि कवटीवरून माणूस! शुद्ध शास्त्र आहे हे." असं म्हणून ते ब्रोच न्याहाळायला बाईंच्या छातीवर झुकले.

"लांबून!" पिंचबेक कडाडले. बाईंनी घाईघाईनं ब्रोच काढला. तो पिंचबेकांनी हिसकावला. "शास्त्र कशाला हवं? मी सांगतो! बघा हा डोळा! अर्धवट मिटलेला, सुजकट, उकडलेल्या माशाचा! याचा मालक आळशी, मंद, आपमतलबी आणि झोपेत लाळ गाळणारा असणार! असल्या ठोंब्याशी लग्न करण्यापेक्षा बाईंनी खुशाल जन्मभर विधवा राहावं!"

"वा! तंतोतंत!" डॉक्टर खूश झाले. "हे सगळे गुण ज्या कवटीत आहेत, ती मी डोळे बांधूनही ओळखीन!"

त्यांनी डोळ्यांवर रुमाल बांधला आणि एकेक पुरुषाचं डोकं चाचपत निघाले. पाद्री सुटला. कर्नल सुटले. आणि मग डॉक्टर आनंदानं किंचाळले, "सापडला! हीच ती कवटी! मत्सराचा उंचवटा तर बटाट्याएवढा आहे!"

"कुठाय? कुठाय तो ठोंब्या?" पिंचबेक गर्रकन मागं वळले. गळपट्ट्यामुळं अख्खेच्या अख्खे वळले. त्यांच्याबरोबर डॉक्टरही वळले, कारण डॉक्टरांची बोटं त्यांच्याच केसांत होती!



"चित्रकाराला मी चर्चमध्ये खांबाआड बसवलं होतं, पिंचबेकसाहेब," कॅलोबाई हळूच म्हणाल्या. "तुम्ही प्रवचन ऐकत होता तेव्हा."

"ऐकत?" ताई म्हणाली. "घोरत होता!"

समोर चांदीची चहादाणी होती. पिंचबेकांनी तिच्यात पाहिलं. आतून उकडलेला मासा त्यांच्याकडे बघत होता.

ते धाडकन गुडघ्यांवर बसले. "बाई! नीट पाहिलं तर... तसा पाणीदार आहे हो!"

"छे, तुमचंच बरोबर," बाई शांतपणे म्हणाल्या. "मी इतकं बारकाईनं कधी पाहिलंच नव्हतं. आणि जन्मभर विधवा राहायचा सल्लाही पटला मला. ब्रोच ठेवा तुमच्याकडे."

तो आता पिंचबेकांच्या टेबलाच्या खणात उपडा पडलेला असतो. एकदा ताईला दया आली. "किती दिवस स्वतःला दोष देत बसशील रे? टाक विसरून."

"स्वतःला कोण दोष देतंय?" पिंचबेक उसळून म्हणाले. "मला त्या डोळ्याचा राग आहे! मेला, सगळा आठवडा तिच्या छातीशी बसून होता, ताई! मला तिनं कधी साधा हातसुद्धा धरू दिला नाही!"