गाडीची ओटी

शुभकार्याची तयारी चोख असली की वाटेत विघ्न येत नाही, यावर मुरुमच्या माणिकप्पांची अढळ श्रद्धा होती. ती येणेगूरपर्यंत टिकली.

तिथं त्यांच्या नव्या गाडीच्या तापमानाचा काटा लाल पट्टीत शिरला. गाडी चालवत होता त्यांचा चौतीस वर्षांचा मुलगा सोमेश. जळकोटला आज त्याचा साखरपुडा होता, मुहूर्त बारा दहाचा. अकरा मुलींनी नकार दिल्यावर बारावीनं होकार दिला होता. पण तिचे चुलते महालिंगप्पा निवृत्त मुख्याध्यापक होते. आधीचं एक स्थळ वीस मिनिटं उशिरा आलं, म्हणून त्यांनी ते चहा पाजून परत लावून दिलं होतं. आत्ता साडेअकरा वाजले होते.

"अप्पा, काटा लई वर गेलाय."

माणिकप्पांनी वीस वर्षं ट्रॅक्टर बाळगला होता, त्यामुळे इंजिन या विषयावर घरात दुसरं कुणी बोलत नसे. त्यांनी हीटर पूर्ण सोडायला लावला. इंजिनातली गरमी अशी आत ओढून घ्यायची असते. उपाय शास्त्रशुद्ध होता आणि महिना एप्रिलचा. पाच मिनिटांत नवरदेवाचा सदरा अंगाला चिकटला. काटा हलला नाही.

मागं बसलेल्या सोमेशच्या आईचं, लक्ष्मम्मांचं, निदान वेगळं होतं. गाडी म्हणजे घरची लक्ष्मी, म्हणून सकाळी त्यांनी तिची ओटी भरली होती. नुसता खण कसा द्यायचा, म्हणून साडीही नेसवली होती. या दिव्यापासून त्या दिव्यापर्यंत, पुढची जाळी झाकून, नंबर तेवढा उघडा ठेवून, मधोमध सात निऱ्या घालून.

"हलकी साडी नेसवली मी. म्हणून तापली ती."

एवढ्यात बॉनेटमधून वाफ आली. गाडी थांबवावी लागली. सोमेश म्हणाला, जरा निवू द्या. माणिकप्पांनी घड्याळ दाखवलं, मागं हात करून पिशवीतून हाताला लागेल ते फडकं ओढलं आणि उतरून रेडिएटरचं झाकण फिरवलं. पाणी पुरुषभर उडालं. भाजलं कुणालाच नाही. फडकं मात्र चिंब झालं. ते फडकं म्हणजे सुनेला नेसवायचा शालू होता.

तिघंही शालूकडं बघत असताना फोन वाजला. महालिंगप्पा.

"कुठवर आलात?"

"हे काय, वेशीतच हाव."

"बरं झालं. मीही वेशीतच उभा आहे."

माणिकप्पांनी फोन खिशात ठेवला. लक्ष्मम्मा उठल्या, गाडीसमोर गेल्या आणि निऱ्या सोडू लागल्या.

"आई, कोप करू नगंस," त्या गाडीला हळूच म्हणाल्या. "लग्नात नऊवारी नेसवीन."

साडी झटकून, घडी घालून शालूच्या जागी पिशवीत गेली. प्यायच्या पाण्याचे दोन कॅन इंजिनाला पाजले. गाडी निघाली, आणि काटा खाली आला तो खालीच राहिला. माणिकप्पांनी हीटरकडं कौतुकानं पाहिलं. लक्ष्मम्मांनी हात जोडले.

वेशीत महालिंगप्पा मनगटाकडं बघत उभे होते. बारा वाजून सहा मिनिटं झाली होती. मान हलवून त्यांनी वाट दिली.

साखरपुडा झाला. मुलीच्या मावशीनं सुनेला नेसवलेल्या त्या साडीच्या पदरावरची चतुर किड्याची नक्षी फार जिवंत असल्याचं सांगितलं. जेवताना माणिकप्पांनी हीटरचा उपाय दोनदा समजावला. महालिंगप्पांनी तो डायरीत टिपून घेतला.

महिन्याभरानं लग्नाचं वऱ्हाड निघालं. गाडी नऊवारीत होती.