डब्यावरचा वेग

आमच्या मांडवीतले सुर्वेकाका नवीन हार्डडिस्क हातात आली की आधी तिची झडती घेतात. वजनमापे खात्यात निरीक्षक म्हणून हयात गेली. मासळीबाजारातल्या बायका त्यांना लांबून बघूनच तागडी पुसायला घ्यायच्या. आता तागडी राहिली नाही, पण डब्यावर 'सेकंदाला हजार एमबी' असं छापलेलं दिसलं की काकांचा हात आपोआप स्टॉपवॉचकडे जातो.

"डब्यावरचं राहू दे, हातात काय पडलं ते बोल," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. हातात बहुतेक वेळा चारशे पडतात. मग काका डबा घेऊन दुकानात जातात आणि दुकानदार काही न विचारताच चहा सांगतो.

माझ्या लॅपटॉपचा बॅकअप त्यांनीच घेतला. शाळेच्या गॅदरिंगच्या व्हिडिओला वेगाचा आकडा असा सुसाट चढला की मी खुर्चीतून उठलोच. मग बारीकसारीक फोटो सुरू झाले आणि आकडा धपकन खाली आला.

"घाबरतोस काय मेल्या? फणस एका हिसक्यात उचलता येतो. तेवढ्याच वजनाची करवंदं वेचून बघ."

तेव्हापासून या शर्यतीचं वेड मलाही लागलं.

म्हणून परवा त्यांची मुलगी मेधा मुंबईहून आली, तेव्हा मी दुसऱ्या दिवशी सकाळीच हजर. काका एकटे असतात. ती दोन-तीन महिन्यांनी येते, एक रात्र राहते, की निघाली. या खेपेला तिचा लॅपटॉप मधेच बंद पडायला लागला होता. ऑफिसचं सगळं त्यात, आणि तीनची गाडी.

"बॅकअप घेतल्याशिवाय हलायचं नाही," काकांनी बजावलं. तिचं काम उरकल्यावर एक वाजता लावायचं ठरलं. तासाभराचं काम, गाडी आरामात मिळणार, म्हणून मी निवांत जेवायला गेलो.

दोनला धावत परत आलो तर स्क्रीनवर सेकंदाला जेमतेम पस्तीस एमबी. खाली लिहिलेलं, पाच तास बाकी. डिस्क तापली की काय म्हणून वाकून बघितलं, तर तिला मोबाईलच्या चार्जरची वायर लावलेली. या वायरीतून फाइली रांगत जातात, हे मला काकांनीच शिकवलेलं. डिस्कची स्वतःची वायर त्यांच्या सदऱ्याच्या खिशातून डोकावत होती.

मी तोंड उघडलं. काका माझ्याकडे न बघता हळूच म्हणाले, "राहू दे रे."

"बाबा, किती राहिलं?" आतून मेधाने विचारलं.

"पाच तास दाखवतंय गो."

आत बॅगेची चेन लागता लागता थांबली. "मग उद्याच जाते," ती म्हणाली.

काकांनी चटकन पिशवी उचलली. "मासळीबाजारात कालवं मिळतात का बघतो, तिला आवडतात," असं म्हणत ते चपला घालून बाहेर पडलेसुद्धा. मी खुर्ची ओढून डिस्कशेजारी बसलो, कुणी वायर बदलू नये म्हणून.